कळते पण वळत नाही : पोका-योके, चिवड्याचा डबा आणि सवयींचे मानसशास्त्र

नासर्डीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी गेली एकवीस वर्षे गुणवत्ता विभागात काम करतो. गेल्या वर्षीच्या वार्षिक तपासणीत माझे एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील रक्तातल्या साखरेची सरासरी दाखवणारी चाचणी) ६.१ आले, म्हणजे अजून मधुमेह नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर पाऊल आहे. रोज चाला, गोड कमी करा, रात्री लवकर जेवा, असे डॉक्टरांनी सांगितले आणि त्यातले एकही वाक्य मला नवीन नव्हते. अडचण नेमकी तीच होती. ज्याला माहिती नाही त्याला माहिती देता येते. ज्याला सगळे कळते आणि तरीही वळत नाही, त्याला काय द्यायचे?

मग मी चारचौघे करतात तेच केले. १ जानेवारीला पहाटे गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर हजर झालो आणि अकरा दिवस टिकलो. नाशिकची जानेवारीतील पहाट ज्यांना ठाऊक आहे, त्यांना बाराव्या दिवशी काय झाले ते सांगायला नको. त्यानंतर महिनाभर मी स्वतःला आरंभशूर म्हणवून घेत होतो आणि खरे तर त्या शब्दाआड लपून बसलो होतो.

त्याच सुमारास कारखान्यात एका ठिकाणी एक भाग वारंवार उलटा बसवला जाऊ लागला. कामगाराला दोनदा समज दिली, तिसऱ्यांदा पुन्हा तेच झाले, तेव्हा आम्ही फिक्श्चरमध्ये, म्हणजे भाग पकडून ठेवणाऱ्या साच्यात, एक छोटी पिन बसवली, ज्यामुळे उलटा भाग आत जाणेच बंद झाले. आमच्या व्यवसायात याला पोका-योके म्हणतात. जपानमधील शिगेओ शिंगो यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत मांडली. तिचे आधीचे नाव बाका-योके, म्हणजे मूर्खांपासून बचाव, असे होते. ते एका कामगार महिलेच्या मनाला लागले, म्हणून शिंगो यांनी नाव बदलून ‘अनवधानाने होणारी चूक टाळणे’ या अर्थाचा शब्द घेतला. पिन बसवून घरी आलो आणि लक्षात आले, की कामगाराच्या बाबतीत मी पोका-योके वापरतो आणि स्वतःच्या बाबतीत मात्र अजून ‘बाका’ म्हणत बसलो आहे.

मग दोन आठवडे केवळ नोंदी ठेवल्या. काय खाल्ले यापेक्षा, खाण्याच्या आधी एक मिनिट मी कुठे होतो आणि हात कशापाशी होता, हे लिहिले. बत्तीस नोंदींपैकी एकोणीस वेळा मी दूरचित्रवाणीसमोर होतो आणि चिवड्याचा डबा हाताच्या अंतरावर होता. भूक लागल्याची नोंद फक्त चार वेळा होती. नंतर वाचनात आले, की वेंडी वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली चित्रपटगृहात असाच एक प्रयोग केला होता. ज्यांना तिथे पॉपकॉर्न खायची सवय होती, त्यांनी आठवडाभरापूर्वीचे शिळे पॉपकॉर्नही ताज्याइतकेच खाल्ले, ते आवडले नसतानाही. मात्र तेच पॉपकॉर्न दुसऱ्या हाताने खायला लावले, तेव्हा शिळ्याचे प्रमाण घटले. म्हणजे हात आपोआप चालत होता आणि त्याची चाल मोडली, तेव्हाच जिभेचे मत विचारात घेतले गेले.

त्यावरून मी दोन पिना बसवल्या. पहिली, चिवड्याचा डबा माळ्यावर गेला. तो काढायला शिडी लागते. दुसरी जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांच्या ‘जर-तर संकल्पा’ची. ‘मी रोज चालेन’ असे न म्हणता ‘कामावरून आल्यावर चहाचा कप मोरीत ठेवला, की त्याच पावली बूट घालायचे’ असे ठरवले. पहाटेचा हट्ट सोडला. सहा महिन्यांत एचबीएवनसी ५.९ वर आणि कंबर ९७ वरून ९३ सेंटिमीटरवर आली. चमत्कार म्हणावे असे यात काही नाही, पण अकरा दिवसांपेक्षा हे बरेच आहे.

आपल्यापैकी कोणी अशा विचारचौकटी, म्हणजे विचार करण्याच्या तयार पद्धती, रोजच्या जगण्यात वापरून पाहिल्या आहेत का? फसलेले प्रयोगही जरूर लिहावेत.

सिडकोची_सून

लेख आवडला, परंतु एक प्रश्न आहे. माळ्यावरचा डबा पाहुणे आल्यावर खाली कोण काढते, आणि ते गेल्यावर पुन्हा वर कोण ठेवते? ज्या घरात ‘मांडणी बदलली’ असे पुरुष म्हणतात, तिथे बहुधा मांडणी सांभाळणारी व्यक्ती दुसरीच असते.

माझ्यापुरते सांगायचे तर मला चिवड्याचा त्रास नाही. माझा शत्रू उरलेले अन्न आहे. सगळ्यांची जेवणे झाली, की पातेल्यात दोन घास भात, अर्धी वाटी आमटी आणि मुलाच्या ताटातली अर्धी पोळी उरते, आणि ‘अन्न टाकू नये’ या संस्काराने मी ती उभ्या उभ्या संपवत असे. कितीतरी वर्षे हे माझ्या जेवणात मी मोजलेच नव्हते, कारण ते मला जेवण वाटतच नव्हते, आवरासावरीचा भाग वाटत होते. अर्थशास्त्रात ज्याला बुडीत खर्चाचा भ्रम म्हणतात, त्याविषयी मुलीच्या पाठ्यपुस्तकात वाचले आणि चटका बसला. तांदूळ शिजला तेव्हाच खर्च झाला. तो भात माझ्या पोटात गेल्याने एकही दाणा परत मिळत नाही, उलट औषधाचा खर्च वाढतो.

हा विचार पटला, तरी हात थांबला नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. नासर्डीकाठ यांच्या भाषेत सांगायचे तर माझी पिन दुसरीकडे होती. तांदूळ मोजायची वाटी सासूबाईंच्या काळापासूनची, सात माणसांच्या घराची. आम्ही आता चौघे आहोत. मी ती वाटी बदलली. पहिल्या आठवड्यात दोनदा भात कमी पडला आणि घरात कुरकूर झाली, तेव्हा कमी पडल्यास भाकरी टाकायची असे ठरवले. संस्कार तसाच ठेवला आहे, कारण अन्न टाकू नये हे मला आजही पटते. उरणारच नाही, याची व्यवस्था करणे मात्र माझ्या हातात होते.

त्र्यंबकरोड

एवढ्या मोठ्या लेखात मिसळीविषयी एकही वाईट शब्द आलेला नाही, याची कृतज्ञतापूर्वक नोंद घेतली आहे. पुढे वाचत आहे.

पुरावा_दाखवा

धागा चांगला आहे, पण या क्षेत्रातल्या सगळ्याच प्रयोगांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, असे सुचवतो.

इच्छाशक्ती ही शिदोरीसारखी वापरली की संपते, हा सिद्धान्त रॉय बाउमायस्टर यांच्या १९९८ सालच्या प्रयोगानंतर जगभर पसरला. २०१६ साली तेवीस प्रयोगशाळांनी दोन हजारांहून अधिक लोकांवर एकाच पद्धतीने तो तपासला, तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. लहान ताटात जेवले की आपोआप कमी खाल्ले जाते, या समजाला ज्यांच्यामुळे सर्वाधिक प्रसिद्धी मिळाली, त्या ब्रायन वॉन्सिंक यांच्या कामात गैरप्रकार झाल्याचा निष्कर्ष २०१८ साली त्यांच्याच कॉर्नेल विद्यापीठाने काढला आणि त्यांचे डझनाहून अधिक शोधनिबंध मागे घेतले गेले. ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हे तर संशोधनच नव्हते. मॅक्सवेल मॉल्ट्झ हे प्लॅस्टिक सर्जन होते आणि नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात, असे त्यांनी १९६० साली नोंदवले होते. त्यातला ‘किमान’ पुढे गळून पडला आणि चेहऱ्याच्या जागी योगासने आली.

मांडणी बदलण्याविषयीही सावध राहावे. अशा हलक्या ढोसण्यांवरच्या, म्हणजे सक्ती न करता निवडीची मांडणी बदलण्यावरच्या, दोनशेहून अधिक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०२२ साली प्रसिद्ध झाले आणि परिणाम चांगला दिसतो असे सांगितले गेले. त्याच वर्षी इतर संशोधकांनी दाखवून दिले, की यशस्वी प्रयोगच छापले जातात याचा हिशेब धरला, तर फारसे काही उरत नाही.

मग उरते काय? जर-तर संकल्पाला बराच आधार आहे. ब्रिटनमधील विद्यार्थ्यांवरच्या २००२ सालच्या एका अभ्यासात व्यायाम कुठे आणि केव्हा करणार हे लिहून देणाऱ्यांपैकी ९१ टक्के लोकांनी आठवड्यात एकदा तरी व्यायाम केला. ज्यांना केवळ हृदयविकाराची माहिती देऊन प्रेरित केले होते, त्यांच्यात हे प्रमाण ३८ टक्क्यांच्या आसपासच राहिले, म्हणजे काहीही न सांगितलेल्या गटाएवढेच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना बारा आठवडे पाहिले, तेव्हा सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असे दिसले, मात्र वेगवेगळ्या लोकांसाठी तो काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत असल्याचा अंदाज निघाला.

आपल्या एचबीएवनसीमधील ०.२ चा फरक तपासणीतल्या नैसर्गिक चढउतारानेही पडू शकतो. कंबरेचा बदल अधिक बोलका वाटतो.

नासर्डीकाठ (धागाकर्ता)

०.२ विषयीचे आपले म्हणणे मान्य आहे. कारखान्यात मोजमापातील चूक आधी तपासा असे मीच सर्वांना सांगत असतो आणि स्वतःच्या अहवालापुढे ते विसरलो. लॅली यांच्या अभ्यासातील आणखी एक गोष्ट मला फार उपयोगी पडली. मधला एखादा दिवस चुकला, तरी सवय लागण्यावर त्याचा लक्षणीय परिणाम झाला नाही, असे त्यात आढळले होते. बाराव्या दिवशी माझा दिवस चुकला होता, चालणे नव्हे. पण ‘आता मोडलेच आहे तर’ या विचाराने मी तेराव्या दिवशीही उठलो नाही. आहारावर संशोधन करणाऱ्यांनी या वृत्तीचे वर्णन फार पूर्वी केलेले आहे. पथ्य मोडले असे वाटले, की पथ्य पाळणारा माणूस न पाळणाऱ्यापेक्षाही अधिक खातो.

सिडकोची_सून यांच्या प्रश्नाचे उत्तर घरी विचारून देतो.

निवृत्त_मास्तर

मी पस्तीस वर्षे शिक्षक होतो. ‘वळण लागणे’ हा आपल्या भाषेतला शब्दप्रयोग मला या विषयात फार मोलाचा वाटतो. हस्ताक्षराला वळण लागते ते उपदेशाने नव्हे, तर दोन रेघांच्या वहीने.

गंगापूर रस्त्याच्या परिसरात राहणारे आम्ही नऊ निवृत्त लोक कृषिनगरच्या ट्रॅकवर एकत्र फिरतो. तीन वर्षांपूर्वी उपस्थिती रोडावली, तेव्हा एका सदस्याने कानेमान आणि ट्वर्स्की यांच्या १९७९ सालच्या सिद्धान्ताचा दाखला दिला. माणसाला शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर रुपये गमावल्याचे दुःख कितीतरी अधिक होते. त्यावरून आम्ही प्रत्येकी तीनशे रुपये महिन्याच्या आरंभी जमा करायचे आणि गैरहजेरीमागे दहा रुपये कापायचे ठरवले. दहा रुपयांची आमच्यापैकी कोणालाच पर्वा नव्हती, तरीही उपस्थिती इतकी सुधारली की आम्हीच चकित झालो. अमेरिकेत २०१६ साली असाच एक प्रयोग झाल्याचे मुलाने मला वाचून दाखवले. दिवसाला सात हजार पावले चालल्यास पैसे देण्यापेक्षा, आधीच दिलेल्या पैशांतून न चाललेल्या दिवसाचे कापून घेणे अधिक परिणामकारक ठरले. पैसे कापले जाणाऱ्यांनी ४५ टक्के दिवस लक्ष्य गाठले, तर काहीच न मिळणाऱ्यांनी ३० टक्के.

पुढचा भाग मात्र सांगायलाच हवा. एक सदस्य अंगात ताप असताना फेऱ्या मारायला आले. नंतर हजेरीऐवजी भ्रमणध्वनीवरील दहा हजार पावले मोजायचे ठरले, तर दुसरे एक सदस्य झोपाळ्यावर बसून पावले जमवताना त्यांच्याच नातीने पकडले. माप हेच ध्येय झाले, की ते चांगले माप राहत नाही, असे चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाच्या नावाने ओळखले जाणारे तत्त्व आहे. ते त्यांनी चलनव्यवस्थेच्या संदर्भात मांडले, पण आमच्या झोपाळ्यालाही लागू पडते. शिवाय दहा हजार हा आकडा एका जपानी कंपनीने १९६५ साली विकायला काढलेल्या पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आलेला आहे. २०१९ साली सुमारे सतरा हजार वयस्कर स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला ४,४०० पावले चालणाऱ्यांचा मृत्युदर २,७०० चालणाऱ्यांपेक्षा बराच कमी होता आणि ७,५०० च्या पुढे अधिक फायदा दिसला नाही. आम्ही आता पावले मोजत नाही. दंड कायम आहे, आजारपणाची सूट आहे, आणि जमलेल्या रकमेचा चहा बिनसाखरेचा असतो.

आहारविचार

मी आहारतज्ज्ञ आहे आणि इंदिरानगर परिसरात सल्ला देते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि धागाकर्ते ज्या उंबरठ्यावर आहेत, तिथे आणखी १३.६ कोटी लोक उभे आहेत.

मास्तरांनी मापाचा मुद्दा काढला, म्हणून लिहिते. ‘नकाशा म्हणजे प्रदेश नव्हे’ ही विचारचौकट मी रुग्णांना एका छायाचित्राच्या आधारे समजावते. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचा बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजन दाखवणारा आकडा) २२.३, म्हणजे नकाशावर दोघे एकाच ठिकाणी. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. ‘मी तर सडपातळ आहे’ असे म्हणत येणाऱ्या नाशिककरांना मी वजनकाट्यावरून उतरवून कंबर मोजायला सांगते. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरली जाते, त्यामुळे धागाकर्त्यांनी ९३ वर थांबू नये.

मला सर्वाधिक उपयोगी पडलेली चौकट उलट विचाराची आहे. गणितज्ञ कार्ल याकोबी प्रश्न उलटा करून पाहा असे सांगत आणि गुंतवणूकदार चार्ली मंगर यांनी तेच व्यवहारात लोकप्रिय केले. मी रुग्णांना विचारते, की पाच वर्षांत नक्की मधुमेह व्हावा असे वाटत असेल, तर नाशिकमध्ये राहून तुम्ही काय काय कराल? लोक हसतात आणि मग झरझर लिहितात. चारशे मीटरवरच्या दुकानात दुचाकीने जायचे, दुपारी चारला साखरेचा चहा आणि खारी, रात्री साडेदहाला जेवण, जेवल्याबरोबर आडवे व्हायचे, रविवारी मिसळीबरोबर चार पाव आणि वर जिलेबी. ‘तुम्ही काय करायला हवे’ असे विचारले, तर हेच लोक पाठ केलेले उत्तर देतात. उलटे विचारले, की स्वतःचा कालचा दिवस लिहून देतात. मी त्यातली एकच ओळ खोडायला सांगते. त्र्यंबकरोड यांच्या समाधानासाठी सांगते, की मिसळ सहसा कोणी खोडत नाही. पाव दोनवर येतात.

एक विनंती आहे. ज्यांना औषधे चालू आहेत त्यांनी असे प्रयोग वाचून ती परस्पर कमी करू नयेत.

तिसरी_पाळी

मी सातपूरला कामाला आहे आणि पंधरवड्यातून एक आठवडा रात्रपाळी असते. इथले बहुतेक प्रतिसाद वाचताना असे वाटले, की सर्वांच्या स्वयंपाकघराच्या आणि दिवसाच्या किल्ल्या त्यांच्याच हाती आहेत. पहाटे तीन वाजता आमच्या कँटीनमध्ये वडापाव आणि आधीच साखर घातलेला चहा, एवढेच मिळत असे. तिथे मी कोणती पिन बसवणार? त्या वेळी झोप, थकवा आणि भूक यांत फरक कळत नाही, आणि ‘आत्ता’चे वजन ‘पुढे’पेक्षा किती जास्त असते हे समजण्यासाठी संशोधन वाचावे लागत नाही.

तरीही एक गोष्ट घडली. १९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांसाठी कँटीनची तरतूद केली, तेव्हाच त्याच्या व्यवस्थापनात कामगारांच्या प्रतिनिधित्वाचीही तरतूद केली. आमच्याकडे ती समिती कागदावर होती. आम्ही तिघे तिच्यात गेलो. वडापाव बंद करा, अशी मागणी केली असती, तर आम्हालाच लोकांनी बाहेर काढले असते. आम्ही एवढेच मागितले, की चहा बिनसाखरेचा करावा आणि साखरेचा डबा चमच्यासह शेजारी ठेवावा. निवड कोणाचीच गेली नाही. काही न करणाऱ्याला काय मिळते, तेवढे बदलले. पहिला आठवडा शिव्या खाण्यात गेला. तिसऱ्या महिन्यात कँटीनवाल्याने सांगितले, की साखर पूर्वीच्या दोन तृतीयांश लागते. काहीजण आजही तीन चमचे घालतात आणि मी त्यांना काही बोलत नाही.

पुरावा_दाखवा यांना आधीच सांगतो, की हा शास्त्रीय प्रयोग नव्हे. त्याच महिन्यात साखरेचा चमचा हरवला होता आणि त्याजागी आलेला चमचा लहान होता.

पुरावा_दाखवा

तिसरी_पाळी, एवढ्या प्रामाणिकपणे मांडलेला, निष्कर्षात गोंधळ घालणारा घटक मी छापील शोधनिबंधांतही फार कमी वेळा वाचला आहे. लहान चमचा तसाच राहू द्यावा.

नासर्डीकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. सिडकोची_सून यांचा प्रश्न घरी विचारला आणि माझ्या नोंदींमध्ये एक दुरुस्ती करावी लागत आहे. माळ्यावरचा डबा दिवाळीनंतर रिकामाच आहे. पाहुण्यांसाठी दर वेळी शिडी लावण्याचा कंटाळा आल्यामुळे पत्नीने नवीन चिवडा तांदळाच्या पिंपामागे ठेवायला सुरुवात केली होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. म्हणजे सहा महिने मी ज्या पिनेला श्रेय देत होतो, ती शिडी नव्हतीच. डबा दिसत नव्हता, एवढेच खरे कारण होते.

आता मलाही जागा कळली आहे. त्यामुळे कालपासून तिने ती बदलली आहे आणि या वेळी मी विचारलेले नाही.